ऊसतोड मजुरांच्या मुलांची दिवेलागण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यातल्या गावांत आता ट्रॅक्टर उभे दिसू लागतील आणि दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला उतरतील. दरवर्षी या दिवसांत उचल (मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली आगाऊ रक्कम), तोडणीचे दर, वसतिगृहांचं अनुदान यांवर छापून येतं. ते यायलाच हवं. पण गावात मागे राहणाऱ्या मुलांविषयी सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात: जेवणाची सोय झाली का? आम्ही या पट्ट्यात शाळा, हंगामी वसतिगृह (तोडीच्या हंगामात मागे राहिलेल्या मुलांना सांभाळायची सोय) आणि समुपदेशन अशा कामांत आहोत. जेवणाच्या पुढचं काही मांडायचं आहे, आणि ते मजुरांच्या टोळ्या हलायच्या आत मांडायचं आहे.

आईबाप तोडीवर असतात ते सहा महिने मुलाला एकसारखे जड जात नाहीत. सगळ्यांत अवघड काळ दोन. आईबाप गेल्यानंतरचे पहिले तीनेक आठवडे, आणि ते परतल्यानंतरचे पहिले दोन-तीन. आपली व्यवस्था नेमकी या दोन्ही वेळी जागेवर नसते. आधी स्थलांतरित कुटुंबांची यादी, मग प्रस्ताव, मग मंजुरी, मग किराणा, असं करता करता कित्येक ठिकाणी पहिली पंगत बसते तोवर आई जाऊन महिना लोटलेला असतो. आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आईबाप घरी आले की वसतिगृहाचं काम संपलं, असं धरून सगळे मोकळे होतात.

यादीला उशीर व्हायचं खरं तर कारण नाही. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. पोळ्यापर्यंत कुठला कोयता (तोडणीची नवरा-बायकोची जोडी) कुठल्या मुकादमाकडे लागला हे पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं; फक्त शाळेच्या कागदावर ते नसतं. शाळा व्यवस्थापन समितीने पोळ्यानंतरच्या आठवड्यात मुकादमांकडून तोंडी नावं घेतली आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी घरोघर जाऊन कोण जाणार, कुठलं मूल मागे राहणार, ते रात्री कोणाकडे झोपणार, असं तीन रकान्यांत लिहून घेतलं, तर दसऱ्याला यादी तयार असते. तिसरा रकाना सहसा कोणी भरत नाही. आमच्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

आता निरोपाविषयी. ट्रॅक्टर नाहीतर ट्रक बऱ्याचदा रात्री उशिरा किंवा पहाटे भरतो. मूल झोपलेलं असतं, उठवलं तर रडेल, म्हणून आई तशीच जाते. किंवा "बाजारला जाऊन येते, खाऊ आणते" असं सांगून जाते. यामागे माया असते, पण मूल यातून एकच गोष्ट शिकतं: डोळा लागला की माणूस नाहीसं होतं. पुढचे कित्येक दिवस ते झोपायला घाबरतं, आजीच्या पदराला धरून बसतं, आजी परसाकडे गेली तरी दाराशी उभं राहतं. शाळेत जायला नको म्हणतं, कारण शाळेतून येईपर्यंत आजीही गेली तर? याला गावात हट्ट म्हणतात. हा हट्ट नाही.

म्हणून सांगून जावं. आठ-दहा दिवस आधी सांगावं, महिनाभर आधी नको. लहान मुलं महिनाभर धसका घेऊन बसतात. कुठे जाणार, कशासाठी, इकडे कोण सांभाळणार आणि परत कधी, एवढी चार वाक्यं पुरेत. निघताना झोपेतून उठवावं लागलं तरी उठवावं. रडू द्यावं. समोर रडलेलं मूल लवकर सावरतं. "रडलास तर मी येणारच नाही" हे मात्र कोणीही, कधीही म्हणू नये. मूल ते खरं मानतं, आणि मग सहा महिने न रडणारं शहाणं पोर म्हणून त्याचं कौतुक होत राहतं.

परत कधी, याचं उत्तर अवघड आहे, कारण ते आईबापालाही ठाऊक नसतं. ऊस कमी असला तर कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद होतात. 2021-22 च्या हंगामात ऊस इतका होता की गाळप जूनपर्यंत रेंगाळलं. तेव्हा ठरावीक तारीख देऊ नये. "होळी ते पाडवा यांच्या मधे, आणि उशीर होणार असेल तर मी स्वतः फोनवर सांगीन" असं सांगावं. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला सहा महिने म्हणजे काय ते कळत नाही, पण आठवडी बाजार कळतो. वसतिगृहाच्या भिंतीवर जाड पुठ्ठ्याचं कॅलेंडर लावावं, त्यावर प्रत्येक बाजाराचा एक चौकोन, मधे संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा यांची चित्रं मुलांनीच काढलेली. दर बाजाराला मुलाने स्वतःच्या हाताने एक चौकोन रंगवायचा. यायला उशीर होणार असं कळलं की त्याच दिवशी पुढे नवे चौकोन जोडायचे, मुलाच्या देखत. गुपचूप जोडले की मुलांच्या लगेच ध्यानात येतं आणि कॅलेंडरवरचा विश्वास उडतो.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी किंवा नुसतं एक वापरलेलं पातळ मुलापाशी ठेवावं. वसतिगृहातल्या नव्या चादरीपेक्षा लहान मुलाला त्याने लवकर झोप लागते, कारण त्याला आईचा वास असतो. स्वच्छतेच्या उत्साहात पहिल्याच आठवड्यात सगळी अंथरुणं धुवायला टाकू नका. महिनाभराने धुतली तरी चालतील.

पहिल्या तीन आठवड्यांत काय दिसतं ते शिक्षकांनी आणि स्वयंपाकीण ताईंनी ओळखायला हवं. मूल "मला आईची आठवण येते" असं क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, पोट दुखतं. पोटदुखी सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी ठरल्यासारखी येते, सुटीत खेळताना जाते. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं असतं ते पुन्हा सुरू होतं. भाकरी दप्तरात, पेटीत, उशाखाली लपवली जाते; ही चोरी नाही, उद्याची खात्री नसलेल्या जिवाने केलेला साठा आहे. कोणी मारामाऱ्या करतं, कोणी एकदम गप्प होतं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं, कारण लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता हेही कारण असू शकतं. ते नसेल तर झोपण्याआधी दीड-दोन तास पाणी कमी, झोपताना लघवीला नेणं, अंथरुणाखाली प्लास्टिकचा कागद आणि एक जास्तीची गोधडी. सकाळी ती वाळत घालताना चारचौघांसमोर नाव घ्यायचं नाही. ओली गोधडी डोक्यावर घेऊन उभं करण्याची शिक्षा अजूनही कुठे कुठे चालते. ती थांबवायला कुठला शासन निर्णय लागू नये.

दिवसभर शाळा असते, पोरं असतात, दुपारचं जेवण शाळेत होतं. मूल खचतं ते दिवेलागणीला. गावातल्या चुली पेटतात, राहिलेल्या घरांतून आया पोरांना हाका मारतात आणि ज्यांना हाक येणार नाही ती मुलं ओट्यावर, शाळेच्या फाटकाशी रेंगाळतात. बहुतेक हंगामी वसतिगृहं गावच्या शाळेतच चालतात. सकाळ-संध्याकाळ जेवण होतं आणि ताट धुऊन मूल आजी-आजोबांकडे, नाहीतर चुलत्याकडे झोपायला जातं. म्हणजे ज्या तीन तासांत मोठं माणूस जवळ हवं, त्याच तीन तासांत मूल अंधारातून एकटं घराकडे निघतं. यासाठी इमारत बांधायची गरज नाही. संध्याकाळी 6 ते 9 या वेळात गावातलीच एक बाई मानधनावर हवी, स्वयंपाकिणीहून वेगळी. तिने भाकऱ्या थापायच्या नाहीत. तिने बसायचं, केस विंचरून द्यायचे, अंगणात गोष्ट सांगायची, कोण आज जेवलं नाही ते बघायचं, आणि मुलांना घरापर्यंत सोडायचं. साधारण 25 मुलांमागे एक. शिक्षकांवर हे टाकू नये. बहुतेक शिक्षक तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात आणि सहाच्या एसटीने निघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस मात्र हंगामभर तेच असावं. दर महिन्याला नवी ताई आली की मुलाला दर महिन्याला नवा निरोप घ्यावा लागतो.

फोनबद्दल सविस्तर लिहितो, कारण "आता मोबाईल आहेत, बोलणं होतंच की" हे वाक्य आम्हाला सगळीकडे ऐकू येतं. फडावरचा, म्हणजे तोडणीच्या शेतातला, दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. तोडणी, मोळ्या बांधणं, भरणी. बैलगाडी असेल तर दुपारनंतर गडी गाडी घेऊन कारखान्यावर जातो आणि केनयार्डात (उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवारात) नंबर लागेपर्यंत तासन् तास थांबतो. त्याला तेव्हा वेळ असतो आणि घरातला एकुलता फोन त्याच्याच खिशात असतो. बाई कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चुलीपाशी, फोनशिवाय. त्यामुळे मुलाला बापाचा आवाज मिळतो, आईचा मिळत नाही. कोपीत वीज नसते, फोन कुठल्यातरी टपरीवर चार्जिंगला लावलेला असतो, आणि बाई रात्री नऊ-साडेनऊला फोन करू शकते तेव्हा मूल झोपलेलं असतं. हे सगळं जुळून एखादा फोन लागला तरी बोलणं असं होतं: "जेवलास का? अभ्यास कर. आजीला त्रास देऊ नको. ठेवते." दीड मिनिट.

आमचा अनुभव असा की रोजच्या अवचित फोनापेक्षा आठवड्यातून दोनच, पण ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी येणारा फोन मुलाला जास्त पुरतो. त्यातला एक वार कोपीजवळच्या बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी बाईही बाहेर पडते आणि फोन चार्ज झालेला असतो. हिशेब करून पाहा. 40 मुलांचं वसतिगृह, प्रत्येकाला आठवड्यात दोन वेळा 10 मिनिटं, म्हणजे 800 मिनिटं. एकाच फोनवर हे बसवायचं तर सातही दिवस रोज जवळजवळ दोन तास फोन गरम राहील आणि एक मुलगा लांबला की शेवटच्याची पाळी बुडेल. दोन फोन असले तर रोज तासाभरात होतं. भावंडं एकत्र बोलली तर आणखी कमी. दोन फोन, त्यातला एक तरी व्हॉट्सअ‍ॅप चालणारा, आणि महिन्याचं रिचार्ज एवढाच खर्च आहे, आणि तरीही तो वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे कोणाला सुचत नाही.

ज्या आठवड्यात फोन लागणार नाही त्यासाठी आवाजी निरोप. आईने व्हॉट्सअ‍ॅपवर मिनिटभर बोलून पाठवायचं. स्वतःचा साधा फोन असेल तर टोळीतल्या एखाद्या पोराच्या फोनवरून. मूल तो पाच-पाच वेळा ऐकतं. काय बोलायचं हेही आयांना निघण्याआधीच सांगून ठेवावं: आज फड कुठल्या गावात आहे, बैलाने काय केलं, कोपीशेजारी ओढा आहे की विहीर, संध्याकाळी कालवण काय केलं. मुलाला आई आहे ती जागा डोळ्यांसमोर आणता आली पाहिजे. उपदेश नको. मुलांनीही फोनच्या आधी सांगायच्या तीन गोष्टी ठरवून ठेवायच्या, नाहीतर फोन कानाला लागला की तोंडातून शब्द फुटत नाही आणि ठेवल्यावर रडू येतं. फोननंतर पाच-दहा मिनिटं मुलाजवळ कोणीतरी असावं. आणि सगळ्यांत मोठी चूक कोणती, तर "उद्या करते" म्हणून न करणं. ते मूल दुसऱ्या दिवशी खेळत नाही, फोनजवळ बसून राहतं.

कारखान्यांनी केनयार्डात आणि कोप्यांच्या तळावर फोन चार्जिंगची फळी लावून दिली तर यातला निम्मा गुंता सुटतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलेलं आहे. त्यातून फळ्या आणि वसतिगृहांचे फोन निघायला हरकत नसावी.

त्रास देणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जातं. सुटून जातात त्या शहाण्या मुली. अकरा-बारा वर्षांची थोरली बहीण पाण्याचे हंडे, आजीच्या गोळ्या, दोन भावांचे दप्तर-डबे असं सगळं ओढते, वर्गात कधी उत्तर चुकवत नाही आणि कोणाला काही सांगत नाही. सगळं गाव तिचं कौतुक करतं. तिला डोकं दुखणं, झोप न लागणं, पाळी सुरू झाली तर ते लपवणं, हे सगळं एकटीने चालू असतं. वसतिगृहाने तिच्यावरचं काम खरोखर कमी करायला हवं. धाकट्यांची वही, औषध, आंघोळ ही संध्याकाळच्या ताईची जबाबदारी. आठवड्यात एक दुपार मोठ्या मुलींची स्वतंत्र, ज्यात भाऊ बरोबर नाहीत. नाहीतर सवयीने शिक्षकही "तुझ्या भावाला सांग" म्हणून तिच्याकडेच बोट दाखवतात.

याच मुलींच्या डोक्यावर लग्नाची टांगती तलवार असते. वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापाचा प्रश्न खोटा नाही, आणि लग्न करून दिलं की कोयत्याची एक नवी जोडी उभी राहते हाही हिशेब असतो. कायद्याने मुलीचं वय 18 हवं आणि गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, हे भिंतीवर लिहिलेलं असतं. पण आईबापाला भिंत नको असते, मुलीची रात्रीची जागा सुरक्षित आहे एवढी खात्री हवी असते. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत मुला-मुलींची मिळून 82 वसतिगृहं, प्रत्येकी 100 जागांची, ठरली आहेत. तिथे जागा देताना आधी सातवीच्या पुढच्या मुलींचा विचार व्हावा. गावात नातेवाइकांकडे झोपणाऱ्या मुलींना, आणि मुलांनाही, नको तो स्पर्श म्हणजे काय आणि झाला तर कोणाला सांगायचं, हे टोळ्या निघण्याच्या आठवड्यातच सांगितलं पाहिजे. मुलाने असं काही सांगितलं तर शिक्षकाने ते गावात मिटवायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते.

आजी-आजोबांनाही कोणी विचारत नाही. साठी-सत्तरीचं शरीर, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि चौदा वर्षांचा नातू रात्री अकरापर्यंत मोबाईल घेऊन देवळामागे. "पोराला काही झालं तर सून काय म्हणेल" या धास्तीने आजी एकतर कोंडून ठेवते, नाहीतर हात टेकते. महिन्यातून एकदा अंगणवाडीत या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवावं. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बऱ्याच गावांत आहे; तिची एक तरी बैठक हंगामात याच विषयावर व्हावी.

कधी थांबायचं नाही, तेही लिहितो. मूल दोन आठवड्यांहून जास्त धड जेवत-झोपत नसेल, बोलणं बंद झालं असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा "मी मेलो तर बरं" असं हसत हसत जरी म्हणालं, तर "आईबाप आले की होईल बरं" म्हणून वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचं बोललेल्या मुलाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नये, आणि शेतात फवारायचं औषध घरातून हलवावं.

फडावर सोबत नेलेल्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत, त्यावर वेगळं पत्र लागेल. इथे एवढंच, की धाकटा सोबत गेला आणि थोरला मागे राहिला तर थोरल्याला हमखास वाटतं, आपल्यावर जीव कमी. "तुझी शाळा बुडू नये म्हणून, आणि तो अजून अंगावर पितो म्हणून" हे कारण त्याला आईच्या तोंडून कळू द्या.

आता परतीविषयी. आई येते, हाक मारते, आणि मूल आजीच्या मागे लपतं. आईच्या काळजाला घरं पडतात, ती म्हणते "विसरला मला", बाप रागावतो किंवा लगोलग सायकल घेऊन देतो. मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी आईपासून ताटातूट झालेल्या लहान मुलांत तीन टप्पे नोंदवले होते: आधी आक्रोश, मग निराशा, मग अलिप्तपणा. अंगणात दिसतो तो हा तिसरा टप्पा. मूल विसरलेलं नसतं, पुन्हा भरवसा ठेवायला ते कचरतं. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या रात्री ओढून आपल्या अंथरुणात घेऊ नये, आजीपाशीच झोपू द्यावं. जवळ बसून जेवावं. प्रगतिपुस्तक दोन दिवसांनी मागावं. थोरल्या मुलीच्या हातून चूल काढून घ्यावी, पण सगळी एकाच दिवशी नको. सहा महिने घर चालवलेल्या पोरीला त्यात अपमान वाटतो. काही मुलं उलट करतात, आईला क्षणभर सोडत नाहीत, दहा वर्षांचा मुलगा भरवून घेतो. करू द्यावं. वसतिगृहाची संध्याकाळची ताई या पंधरा दिवसांत कामावर असायला हवी, घरोघर चक्कर मारायला. आमची मागणी आहे की मानधन पट्टा पडल्यानंतरही निदान तीन आठवडे चालू राहावं.

मग पावसाळा येतो आणि एका संध्याकाळी मुकादमाची मोटारसायकल दाराशी लागते. मुलं आत पुस्तक उघडून बसलेली असतात आणि बाहेरचा आकडा ऐकत असतात. उचल घेतली असेल तर त्याच रात्री त्यांना सांगावं, घेतली, म्हणून. निघायची तारीख दसऱ्याला सांगता येईल.

आपले,
ऊसतोड पट्ट्यातील काही शिक्षक, वसतिगृह कार्यकर्ते व समुपदेशक